सोमाची आठवी सुई

सोमा, तुझी तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवसापासून सगळे मला एकच सांगायला लागले. बाई, आता राग सोडा, जाणारा गेला. माय सांगते, शेजारचे सांगतात, आमच्या दवाखान्यातले डॉक्टरसुद्धा सांगतात. मी मान हलवते आणि ड्युटीवर जाते. राग सोडलेला नाही, सोडायचा विचारही नाही. तुला हे सांगायला हरकत नाही. तुझी मोठी बहीण, म्हणजे तुझी बाई मी; माझा राग लहानपणापासून तूच सगळ्यात जास्त खाल्लास.

ज्याने तुला मारलं त्याचं नाव इथे लिहीत नाही. ते एफआयआरमध्ये आहे, तिथेच राहू दे. लोक त्याला सुईवाले डॉक्टर म्हणायचे. तो डॉक्टर नव्हता.

तू खांबावरून पडलास तो दिवस मला नीट आठवतो. ठेकेदाराच्या हाताखाली लाईनमन म्हणून तू पंधरा वर्षं काढलीस. वादळात तार तुटली की आजूबाजूच्या गावांतून तुझ्याच नावाने फोन यायचे. त्या दिवशी लाईन बंद होती म्हणून वाचलास. तुला आणलं ते पोंभुर्ण्याला, माझ्याच वॉर्डात. गळ्याचं हाड मोडलं होतं. नर्सच्या अठरा वर्षांच्या नोकरीत हजारो पेशंटची तोंडं हुंगली असतील मी, पण भावाचं तोंड हुंगून कागदावर 'दारूचा वास' असं लिहायची वेळ पहिल्यांदा आली. लिहिताना तू माझ्याकडे बघत होतास.

"खोडून टाक ना बाई."

"नाई खोडत."

"तुही इज्जत जाईन."

"गेली ते कवाचीच."

तिसऱ्या दिवशी तुझे हात थरथरायला लागले, भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. दारू एकदम बंद झाली की असं होतं, हे मला माहीत होतं, तुला नव्हतं. मी तुला गाडीत घातलं आणि चंद्रपूरला मानसोपचाराच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. रंजना सोबत होती. तुझी बायको रस्ताभर तुझे हात आपल्या मांडीखाली दाबून बसली होती.

हाड जुळलं, दुखण्याच्या जबर गोळ्या बंद झाल्या, लिव्हरचा रिपोर्ट बरा आला, तेव्हा मॅडमनी सुईचा विषय काढला. महिन्यातून एकदा, कमरेखाली. ही सुई दारूची भीती घालत नाही, त्या म्हणाल्या. वरून दारू प्यालात तर उलट्या होणार नाहीत, छाती धडधडणार नाही. फक्त दारूची मजा येणार नाही आणि हळूहळू ओढ कमी होईल. सोबत माझ्याशी येऊन बोलावंही लागेल. तू विचारलंस, "म्हंजे सुई घेतली का सुटली?" त्या म्हणाल्या, "नाही हो. सुई दार उघडं धरून ठेवते. बाहेर तुम्हालाच चालायचं आहे."

पहिली सुई द्यायला मी सगळी तयारी केली, फ्रीजमधलं औषध बाहेर काढून ठेवलं, पावडर सोबतच्या द्रवात मिसळली, आणि तू टेबलावरून उठून उभा राहिलास.

"मी बहिणीसमोर पँट खाली नाई करत."

"लहानपणी मीच धुतलं तुले."

"तवा मी लहान होतो. ब्रदरले बोलाव."

शेवटी आमच्या गणेश ब्रदरने दिली. मी पडद्याबाहेर उभी राहून हसत होते, तुला ऐकू जाईल असं. त्या पडद्याबाहेर मी सात वेळा उभी राहिले, सोमा. सातही वेळा हसले.

पहिल्या सुईनंतर चारच दिवसांनी तू चोरून प्यालास. मला येऊन सांगितलंस तूच, तेही हिरमुसून, जत्रेत पाळणा बंद सापडल्यासारखा. "बाई, मोहाची पाण्यावानी लागली. अर्धा गिलास पेलो आन् ठेवून देला. मजाच नाई आली." मी तुला शिव्या घातल्या आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. तू ग्लास अर्धा ठेवला होतास. चाळीस वर्षांच्या आयुष्यात तू अर्धा ठेवलेला तो पहिला ग्लास असावा. त्यानंतर सात महिने तू ग्लासला हात लावला नाहीस.

मग पेनाच्या, म्हणजे आपल्या घरच्या देवाच्या, पूजेची वेळ आली. त्याला मोहाच्या दारूची धार द्यावीच लागते आणि घरचा कर्ता पुरुष तू. महिनाभर आधीपासून तुला त्याची धास्ती. शेवटी तू गावच्या पुजाऱ्याकडे, भुमकाबाबाकडे गेलास. बाबा म्हणाले, "देवाले लागते. तुले लागते असं कोण सांगतलं?" पूजेच्या दिवशी तू दोन्ही हातांनी धार सोडलीस. हात हलला नाही. उरलेली बाटली तू चुलत्यांच्या हातात देऊन मुलीजवळ येऊन बसलास. पायल अकरावीत गेली होती. बाप पूजेच्या दिवशी तिच्या शेजारी बसलाय आणि वास येत नाही, हे तिला नवीन होतं. ती सारखी वळून तुझ्याकडे बघत होती.

हे सात महिने तू मला दिलेस. त्यासाठी मी तुझी ऋणी आहे, आणि म्हणूनच मला इतका राग आहे. ते सात महिने झाले नसते तर तुझ्या मरणाचं मी कदाचित नुसतं दुःख केलं असतं.

आपलं भांडण राहिलंय ते एवढंच. तू म्हणायचास, दर महिन्याची सुई म्हणजे सुटलो कुठी? मी म्हणायची, शुगरवाला रोज गोळी खाते, त्याले कोणी इचारते का, सुटला का म्हणून? तू एकदा त्यावर म्हणालास, "त्याच्या गोळीले कोणी हासत नाई, बाई." तुझ्यासोबतचे लोक तुला चिडवत होते, हे मला तेव्हा कळलं. अजून पुढे काय बोलायचं ते मी ठरवत होते. ते ठरवणं राहून गेलं.

आठव्या सुईला उशीर झाला. औषध नागपूरवरून यायचं, ते आलं नाही. मी औषध गार ठेवायचा बर्फाचा डबा घेऊन दोनदा चंद्रपूरला गेले आणि दोनदा रिकाम्या हाताने परत आले. उन्हाने डोकं फिरलेलं, बसमध्ये बसायला जागा नाही, घरी आले तर तू दारात उभा. "आली का बाई?" एवढंच विचारलंस. मी डबा ओट्यावर आपटला. म्हणाले, "किती दिवस हा डबा घेऊन फिरू तुह्यासाठी? जन्मभर?"

तू पुढे आलास. डबा उचललास, आतलं पाणी तुळशीच्या कुंडीत ओतलंस आणि गेलास.

सोमा, मला जन्मभर तो डबा वाहायचा होता. हे त्याच दिवशी संध्याकाळी मी तुला फोन करून सांगायला हवं होतं. केलं नाही.

बारा दिवसांनी तू कोरपन्याकडे त्या सुईवाल्याच्या शिबिराला गेलास. त्या बारा दिवसांत तू एक थेंब प्याला नव्हतास, हे पायलने मला नंतर सांगितलं. एकच सुई, जन्माची सुटका, असं त्याच्या फलकावर लिहिलं होतं. तू त्या फलकावर भाळलास असं मला वाटत नाही. तुला बहिणीला मोकळं करायचं होतं.

त्याची रीत मला आता तोंडपाठ आहे. तीन दिवस आधी पुड्या द्यायच्या. त्या पुड्यांत काय ते सांगायचं नाही. त्या पोटात असताना दारू घेतली की माणूस लाल होतो, ओकतो, जीव घाबराघुबरा होतो. खरे डॉक्टर असलं औषध देतात ते सांगून, तपासून, आणि दारूला हात लावू नका असं दहा वेळा बजावून. हा मात्र तिसऱ्या दिवशी नुसती ताकदीची पिवळी सुई टोचायचा आणि सगळ्यांसमोर पेशंटच्या हातात दारूचा ग्लास द्यायचा. माणूस तडफडला की हा माइकवर म्हणायचा, पाहा, माझी सुई बोलून राह्यली.

तुझ्या हातात त्याने ग्लास दिला. तू प्यालास. आणि मग पाऊण तास कोणाला तुला हात लावू दिला नाही. टेम्पोतून दवाखान्यात पोचलास तेव्हा तिथल्या डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला फोन आला तेव्हा मी एका बाळंतिणीची नाडी बघत होते. मी मोजणी पूर्ण केली, कागदावर लिहिली आणि मग खाली बसले.

पहिले काही दिवस मला त्याला माझ्या हाताने मारायचं होतं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. दवाखान्यातल्या कपाटात काय काय असतं ते मला माहीत आहे. एका दुपारी किल्ली हातात घेऊन त्या कपाटासमोर बराच वेळ उभी होते. गणेश ब्रदर आला, त्याने माझ्या हातातून किल्ली घेतली आणि म्हणाला, "सिस्टर, चहा पिऊन या." त्याला कळलं होतं की नाही, मी विचारलं नाही.

दुसरा राग रंजनावर होता. तुला तिथे नेलं ते तिनेच. तुझ्या मातीला सगळे जमले होते, तेव्हा मी सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "तूच नेलं त्याले. आता रडून काऊन राह्यली?" ती माझ्याकडे बघत राहिली. त्यानंतर मी तिच्याशी बोलले नाही. पायलला भेटायचं तर शाळेच्या गेटवर भेटायची.

मग मी साक्षीदार शोधायला निघाले. सुट्टीचा प्रत्येक दिवस त्यात घातला. शिबिरात होते ते लोक मला दारात उभं करायचे, पाणी द्यायचे आणि काही पाहिलं नाही म्हणायचे. एका बाईने तर तोंडावर सांगितलं. तिचा नवरा मागे खाटेवर बसून मुलाचा अभ्यास घेत होता.

"तुमचा भाऊ मेला, बाई. माहा नवरा त्याच सुईनं सुधरला. मी काऊन बोलू?"

"सुईनं नाई सुधरला. भेवानं सुधरला."

"भेवानं त भेवानं. घरात तर बसून हाय."

मला तिच्यावर राग धरता आला नाही. तुझ्याबद्दल मीही असंच बोलले असते. मी तिच्याकडे माझा नंबर ठेवला आणि निघाले.

आठ दिवसांनी सलीमभाईंचा फोन आला; माझा नंबर त्यांना त्या बाईनेच दिला होता. चंद्रपूरला त्यांचं शिलाईचं दुकान आहे. मुलाला तिथे न्यावं का, हे बघायला ते एकटेच शिबिराला गेले होते. मुलाला दाखवायचं म्हणून त्यांनी मोबाईलवर सगळं काढलं होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी मला बसवलं, मोबाईल हातात दिला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"बहनजी, मी चमत्कार समजून काढून राह्यलो होतो. घरी येऊन पाह्यलं त समजलं, मी आदमीची जान जाताना काढली."

सोमा, मी ते पूर्ण बघितलं. तू ग्लास तोंडाला लावलास, लोक टाळ्या वाजवत होते. तुझा चेहरा तांबडा झाला, तू शर्टाची बटणं ओढलीस, खाली बसलास. आणि मग तुझा आवाज आला, अगदी स्पष्ट.

"माह्या बाईले फोन लावा. ते नर्स हाय."

तो हसला. माइकवर हसला. "नर्सले काय समजते? औषध काम करून राह्यलं. कोणी हात लावू नका."

आणि त्याच्या मागे, कोपऱ्यात, रंजना होती. दोन बायांनी तिला धरून ठेवलं होतं. ती ओढत होती, किंचाळत होती, तिने एकीच्या हाताला कडकडून चावलं, तरी त्यांनी सोडलं नाही. शेवटी ती त्यांच्यासकट फरफटत तुझ्यापर्यंत आली. तुझं डोकं तिने मांडीवर घेतलं तेव्हाही तो माइकवर बोलतच होता.

मी चंद्रपूरहून थेट तुझ्या घरी गेले. रंजना अंगणात भांडी घासत होती. मला माफी मागता आली नाही, तुला माहीत आहे मला ते जमत नाही. मी तिच्यासमोर बसले आणि राखेने भांडी घासायला लागले. भांडी संपत आली तेव्हा ती म्हणाली, "बाई, त्यायनं तुमाले बोलावलं होतं. मी सांगणार होती. तुमी बोलल्याच नाई माह्यासंगं."

त्यानंतर मला काही थांबवणारं उरलं नव्हतं. तो जागा बदलून, नाव बदलून आपल्याच तालुक्यात नवीन शिबिर लावतोय असं कळलं. मी डोक्यावरून पदर घेतला आणि दारुड्याची बायको होऊन रांगेत बसले. त्याने माझ्या डोळ्यात बघून विचारलं, किती वर्षांपासून पेते? मी म्हणाले, चाळीस. तुझंच वय तोंडात आलं. त्याने माझ्या हातात पुडी ठेवली. त्याची बोटं माझ्या तळव्याला लागली. बाहेर सलीमभाईंचा व्हिडिओ पाहून माझ्यासोबत आलेले आरोग्य खात्याचे साहेब आणि पोलीस थांबले होते. मी ती पुडी त्यांच्याकडे दिली आणि त्याला धरून नेताना बघायला रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. गाडीला माझ्यामुळे थांबावं लागलं.

अटक झाली की आरोपीची तपासणी करावी लागते. जवळचा दवाखाना आमचाच आणि ड्युटी माझीच. त्याच्या दंडाला बीपीचा पट्टा मी बांधला.

"हळू सिस्टर. मले बीपी हाय."

"गोळी घेता का?"

"घेतो ना."

"रोज?"

"रोज. दहा साल झाले."

"एका सुईत काऊन नाई केलं बरं?"

त्याने वर बघितलं. पुडीवाली बाई त्याला ओळखू आली असावी. मी पट्ट्यात हवा भरत म्हणाले, "मी सोमाची बाई. ज्या नर्सले काई समजत नाई, ते मी." हवालदार दारात होता, तो दुसरीकडे बघायला लागला. मग मी त्याला तू कसा गेलास ते सांगितलं. बीपी कसं पडत जातं, हात गार कसे होतात, माणसाला शेवटपर्यंत कसं ऐकू येत असतं. मोठ्याने नाही, पेशंटला घरी जाताना पथ्य सांगतात त्या आवाजात. त्याच्या कपाळावर घाम आला. पारा चढला. तो आकडा मी होता तसाच लिहिला. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली ती मी पाण्यासोबत त्याच्या हातात दिली, आणि त्याने गिळली की नाही हे तोंड उघडायला लावून पाहिलं. त्याने मरावं असं मला आता वाटत नाही. त्याने तुरुंगात खूप जगावं, रोज गोळी खाऊन.

तुला वाटेल बाई फार दुष्ट झाली. झाले. त्या रात्री मला तुझ्यानंतर पहिल्यांदा झोप लागली.

दोन दिवसांनी रंजनाला आणि मला कोरपन्याला बोलावलं. गुन्हा तिथला, म्हणून त्यालाही तिथेच नेलं होतं. चंद्रपूरला बस बदलून आम्ही दुपारी पोचलो. जबाब लिहून घेणारा पोलीस तरुण होता, वाईट नव्हता, घाईत होता. त्याने रंजनाला काही विचारायच्या आधीच सवयीने लिहायला सुरुवात केली आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाला, "मयत हा दारूच्या आहारी गेलेला असून..."

रंजनाने त्याच्या कागदावर हात ठेवला. सगळ्या कागदावर, पालथा.

"ते नाई लिवायचं."

"अहो ताई, पीत होते ना ते?"

"पेत होते. सात महिने बारा दिवस नाई पेले. ते लिवा आधी."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, मी नर्स आहे, प्रत्येक सुईचा कागद माझ्याकडे आहे, लिहा. त्याने नवीन कागद घेतला. लॉकअप समोरच होतं. गजांच्या आत तो भिंतीला टेकून बसला होता, इकडेच बघत होता. पोलिसाने लिहून झाल्यावर वाचून दाखवलं, "माझे पती सोमाजी यांनी उपचार घेऊन मृत्यूपूर्वी सात महिने बारा दिवस दारू सोडलेली होती. आरोपीने त्यांना सर्वांसमोर दारू पाजली."

रंजनाने पेन हातात घेतलं, पण सही केली नाही.

"अजून एकदा वाचा," ती म्हणाली. "जोरानं."